बिनठिपक्याची नावं

नातवाचं नाव त्याला भिंतीवर दिसलं. सभागृहाच्या खिडकीकडच्या बाजूला, दुसरीच्या कागदावर, साधारण त्याच्या छातीच्या उंचीला. नाव वाचून तो पुढच्या नावावर गेला, त्याच्याही पुढच्या नावावर गेला, आणि मग गरम भांड्याला हात लागल्याचं जरा उशिरा कळावं तसा मागे आला. नावासारखी नावं असतात, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण शाळा मंडळाच्या नोंदीत मुलाच्या नावाशेजारी आईचं नाव लिहायची पद्धत होती, आणि तिथे त्याच्या लेकीचं नाव होतं. ते नाव त्याने स्वतः शोधलं होतं. ती जन्मायच्या आधी कितीतरी संध्याकाळी कागद पुढे घेऊन तो बसला होता, आणि शेवटी असं नाव निवडलं होतं, जे नात्यात कुणाचं नव्हतं, शेजारात नव्हतं, कचेरीच्या हजेरीपटावरही नव्हतं. पुढेमागे कुठल्या कागदात गोंधळ होऊ नये, एवढाच विचार. बायको हसली होती, "पोरीचं नाव ठेवताय की फाईलचं?" आता इतक्या वर्षांनी त्या नावाने आपलं काम चोख केलं. गोंधळाला जागाच ठेवली नाही. आडनाव वेगळं होतं, जावयाचं. आणि नातवाच्या नावापुढची जागा कोरी होती. वरच्या मुलाला तीन ठिपके, खालच्या मुलीला पाच, निळे, हिरवे, एक तर तिरका लागलेला. मधली ती एक ओळ तेवढी पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

तो इथे ठिपके लावायला आला नव्हता, बिनठिपक्याची नावं मोजायला आला होता. शाळा मंडळाच्या नियोजन विभागात त्याची नोकरी. कचेरीत त्याला पाठीमागे, आणि हल्ली हल्ली तोंडावरही, आकडेसाहेब म्हणत. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी मंडळाची नव्या वर्षाची उद्दिष्टं आणि प्राधान्यक्रम तोच लिहायचा. लिहायचा म्हणजे काय, गेल्या वर्षीचं उघडायचा आणि क्रियापदं बदलायचा. वाचन गेल्या वर्षी 'सुधारायचं' होतं, तर या वर्षी 'उंचावायचं'. गणित 'उंचावायचं' होतं, तर आता 'बळकट करायचं'. पालकांचा सहभाग कुठल्याच वर्षी वाढत नसे, म्हणून तो 'वाढवत राहायचा'. क्रियापदं संपली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या कामाची त्याला लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. कुणीतरी ते करायचंच असतं, आणि तो नाकासमोर चालणारा माणूस होता. पण या वर्षी संचालकबाई कुठल्याशा परिषदेहून आल्या त्या एक वाक्य घेऊन आल्या. बैठकीत त्यांनी ते दोनदा म्हटलं, "एकही मूल शाळेत अनोळखी राहणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण तो काय विचारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. "मोजायचं कसं?" त्याने विचारलं. चहाच्या कपात कुणीतरी हसलं. संचालकबाई म्हणाल्या, "ते तुम्ही सांगा."

मग त्यानेच सांगितलं. प्रत्येक शाळेत सगळ्या मुलांची नावं भिंतींवर लावायची. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, मग तो शिक्षक असो, लिपिक असो, ग्रंथपाल असो की बसचालक, आपल्या ओळखीच्या मुलापुढे ठिपका चिकटवायचा. ओळख म्हणजे गुणपत्रिकेत सापडणार नाही अशी एक तरी गोष्ट त्या मुलाबद्दल माहीत असणं. ज्या नावांपुढे ठिपका नाही, ती नावं मोठ्यांनी आपसांत वाटून घ्यायची. ज्याने जे नाव घेतलं, त्याने वर्षभर त्या मुलाचं माणूस व्हायचं. एवढ्यावर बैठक खूश होती, जेवायची वेळही झाली होती. पण त्याने आणखी एक कलम घातलं: ओळख दोन्ही बाजूंनी हवी. ते मूल रस्त्यात भेटलं तर त्यानेही या माणसाला ओळखलं पाहिजे. संचालकबाई म्हणाल्या, "किती कडक आहात हो तुम्ही." तो म्हणाला, "नाहीतर बाई, सगळेच सगळ्यांना ओळखतात." हे बोलताना त्याला बरं वाटलं होतं. आपल्याच वाक्यावर खूश होण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला फार येत नसत.

सभागृहात ताज्या रंगाचा वास होता. बाकं एकावर एक रचून कोपऱ्यात लावली होती, पंखा एका फेरीआड कुरकुरत होता, आणि ठिपक्यांच्या पट्ट्या हातात घेऊन शिक्षक मंडळी भिंतींपाशी हळूहळू सरकत होती. अधूनमधून कुणी हसायचं. "अगं, ही बघ, खोडरबर खाणारी." "याला घरी दोन ससे आहेत, आणि दोघांची नावं एकच." चित्रकलेच्या बाई एका नावापाशी बराच वेळ बोटात ठिपका घेऊन उभ्या राहिल्या आणि न लावताच पुढे गेल्या. त्यांच्याबद्दल त्याला आदर वाटला. त्याच्या हातातही एक पट्टी होती, पिवळी. आल्या आल्या मुख्याध्यापिकाबाईंनी पाहुण्याला पानसुपारी द्यावी तशी ती त्याच्या हातात ठेवली होती. "असू द्या साहेब, कुणी ओळखीचं निघालं तर लावा." निघणार नाही, असं तो म्हणाला होता.

नातवाबद्दल त्याला काय माहीत होतं? जे होतं ते सगळं बायकोकडून आलेलं. लेकीने लग्न आपल्या मनाने केलं, तेव्हा भांडण असं झालंच नाही. तो एवढंच म्हणाला, "मला विचारलंस का?" ती म्हणाली, "विचारलं असतं तर हो म्हणाला असता का?" या प्रश्नाचं उत्तर नाही असं होतं, ते त्याने दिलं नाही, आणि तिथून जो अबोला सुरू झाला त्याला कुणी अबोला म्हटलंही नाही. मधे बायको होती. ती जायची, भेटायची, यायची आणि संध्याकाळी स्वयंपाक करताना सगळं सांगायची. त्याला नाही, भांड्यांना. "दात आला म्हणे आज." "चालायला लागलंय, पण उलटं, मागे मागे जातंय." तो वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेला असे. मात्र ती सांगत असेतोवर पान उलटत नसे. हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. जोवर पान उलटत नाही तोवर ती बोलायची, आणि त्याचं मन भरून आलं, पुढे ऐकवेना, की तो पान उलटायचा आणि ती विषय बदलून वाण्याबद्दल बोलायला लागायची. संसारातलं त्यांचं सगळ्यात मोठं संभाषण हे असं चाललं, चार वर्षं, आणि त्यात त्याने एक शब्द उच्चारला नाही. एकदा तिने वर्तमानपत्राच्या वरून एक फोटो त्याच्यासमोर धरला. अर्धा चेहरा, बाकीचा हललेला. त्याने चष्मा नीट केला, आणि तेवढ्यात तिने फोटो मागे घेतला. जास्त लाड नकोत म्हणून असेल.

मग ती गेली. दुखणं लांबलं नाही. लेक आली, सगळं केलं, दिवसभर उभी होती. मुलाला ताप होता म्हणून त्याला आणलं नव्हतं. निघताना दारात चपला घालत ती म्हणाली, "बाबा, काही लागलं तर कळवा." तो बरं म्हणाला. आणि त्याला काही लागलं नाही. तीन वर्षं त्याने अधूनमधून मनाशी तपासून पाहिलं, आपल्याला काही लागतंय का. दूध येत होतं, वीज होती, गुडघ्याचं औषध कोपऱ्यावर मिळत होतं. कळवण्यासारखं काही निघत नसे. संध्याकाळी तो वर्तमानपत्र वाचत बसे, आणि आता पानं भराभर उलटत, दहा मिनिटांत अंक संपून जाई. मग घरात उरायची ती शांतता एवढी नीटनेटकी असे, की तिच्यात खोकायलाही संकोच वाटावा. त्याला फार एकटं वाटत होतं. पण हे कबूल करायला समोर कुणी नसल्यामुळे ते कबूल करायची वेळच आली नव्हती.

त्या सगळ्या बातम्यांमधली एक त्याच्यापाशी अगदी ताजी राहिली होती. मिक्सर लावला की पोरगं पलंगाखाली शिरतं म्हणे. म्हणून लेक आधी त्याला सांगते, राजा, आता आवाज होणार हं, आणि मग बटण दाबते. हे ऐकलं त्या संध्याकाळी त्याने फार वेळ पान उलटलं नव्हतं. लेकही लहानपणी तशीच होती, आवाजाला दचकणारी, आणि तेव्हा तोच तिला सांगायचा, आता गडगडणार हं. म्हणजे त्याचं एक वाक्य त्या घरात पोचलेलं होतं. त्याला कुणी बोलावलं नसलं तरी वाक्य आत जाऊन बसलं होतं.

गुणपत्रिकेत सापडणार नाही अशी ही एक गोष्ट होती की. त्याने आजूबाजूला पाहिलं. ज्याने कधी चुकीचं बिल पुढे सारलं नाही, रांग मोडली नाही, त्या माणसाने पट्टीवरचा एक पिवळा ठिपका सोलला आणि नातवाच्या नावापुढे लावून अंगठ्याने दाबला. दाबताना अंगठ्याखाली भिंतीचा थंडपणा जाणवला. झालं. कोरी ओळ कोरी राहिली नाही. दोन पावलं मागे जाऊन त्याने पाहिलं, तर बाकीच्या मुलांच्या रांगेत तो पोर आता कुणाचा तरी दिसत होता. एवढ्यात बाजूला खेळाचे सर आले, तिशीतले, गळ्यात शिट्टी, शाळा बंद असली तरी शिट्टी. "अरे वा साहेब, निघालं का कुणी ओळखीचं?"

"निघालं एक," तो म्हणाला.

"पिवळा एकच आहे बघा अख्ख्या भिंतीवर. उठून दिसतोय."

तो हसला. कुणी आपल्या मुलाला दृष्ट लागेल इतका छान म्हणावं, तसं त्याला वाटलं, आणि लगेच पुढचं वाटलं. तो ठिपका खोटा आहे. अगदी खोटा नाही, पण निम्मा आहे, आणि निम्मी ओळख धरायची नाही हे लिहिणारा हात तोच, ठिपका लावणारा हातही तोच. पोरगं उद्या रस्त्यात समोर आलं तर त्याला बाजूला सारून पुढे पळेल. काका, सरका. तीन वर्षांपूर्वीच्या भीतीवर एखाद्याला ओळखतो म्हणायचं, तर मग तेव्हाच्या कपड्यांवरून त्याचं आजचं मापही सांगायला हवं. पण भिंतीवर एक ठिपका, त्याने कुणाचं काय बिघडतं? लोक तर अख्खे अहवाल खोटे लिहितात आणि वर सत्कार घेतात. तो खिडकीपाशी गेला. खाली मैदानावर चुन्याच्या नव्या रेघा मारल्या होत्या आणि त्यांच्यावर अजून कुणी धावलेलं नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी टाळी वाजवली. सगळे गोल करून उभे राहिले. "आता उरलेली नावं वाचते. ज्याला घ्यायचंय त्याने हात वर करा. बसमधल्या जागेसाठी भांडता तसं भांडा, मला आवडेल." पहिलीची मुलं नवी होती, ती सगळीच वाटली गेली. कुणी दोन घेतली, ग्रंथपालबाईंनी चार. एकेक नाव वाचलं जात होतं, एकेक हात वर होत होता, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं की सभागृहात कुणाला तरी जागा मिळून ते खाली बसतंय. मग दुसरी आली. बाईंचं बोट कागदावरून खाली सरकायला लागलं. एक नाव, हात. आणखी एक नाव, हात. मग ते बोट नातवाच्या ओळीपाशी आलं, पिवळा ठिपका पाहून न थांबता पुढे गेलं आणि खालच्या कुणाच्या तरी नावावर टेकलं.

एवढंच झालं. पण त्याला पुढचं अख्खं वर्ष दिसलं. असंच बोट पुढे जाणार. मैदानावर, वर्गात, जिन्यात, सहलीच्या बसमध्ये प्रत्येक मोठा माणूस त्या मुलावरून पुढे जाणार, कारण त्याला कुणीतरी आहे असं भिंतीवर लिहिलेलं असणार. आणि तो कुणीतरी घरी बसून दहा मिनिटांत वर्तमानपत्र संपवत असणार. आपण त्याला काही दिलं नाही हे एक. आता दुसरं कुणी देईल तेही आपण अडवलं. गप्प बसणं त्याला फार चांगलं जमत होतं, आयुष्यात जेवढं जमलं त्यात तेच सगळ्यात चांगलं. बाई तिसरीवर गेल्या.

"एक राहिलाय," तो म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

बाईंनी वर पाहिलं. "कोण, साहेब?"

त्याने नाव सांगितलं. ते नाव आजवर त्याने कधी उच्चारलं नव्हतं, आणि तोंडात ते वाटलं होतं त्याहून लांब निघालं.

"त्याला आहे की ठिपका. हा काय, पिवळा."

"तो मी लावलाय. काढायचाय."

"चुकून लागला का? असू द्या, होतं."

चुकून म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. बाईंनी तर दार उघडूनच धरलं होतं. "चुकून नाही," तो म्हणाला. "लावला होता. पण तो मला ओळखत नाही."

पंखा कुरकुरला. तो भिंतीपाशी गेला आणि नखाने ठिपका सोलू लागला. ठिपका सुखासुखी निघाला नाही. निघाला तेव्हा कागदाचा पातळ पापुद्रा घेऊनच निघाला, आणि नावापुढे एक खरबरीत पांढरा डाग राहिला. त्याच्या पाठीला सगळ्यांचं पाहणं जाणवत होतं. खेळाचे सर जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोण लागतो साहेब तुमचा?"

"नातू," तो म्हणाला.

शिट्टीची दोरी सरांनी बोटाभोवती एकदा गुंडाळली, एकदा सोडली. मग हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. "बाई, हा मी घेतो. दुसरीचा खेळाचा तास माझ्याकडेच आहे." आणि त्याच्याकडे वळून, "काही सांगता का त्याच्याबद्दल? सुरुवातीला बोलायला काहीतरी लागतं."

"माझी माहिती जुनी आहे."

"चालेल की."

"मिक्सरच्या आवाजाला भ्यायचा."

"शाळेत मिक्सर नाही, त्यामुळे निभेल," चित्रकलेच्या बाई मागून म्हणाल्या, आणि दोघं-तिघं हसली. तोही हसला. हसताना डोळ्यांत पाणी आलं तर ते हसण्यात खपून जातं, हे त्याला त्या दिवशी कळलं. निघताना जिन्यापाशी त्याने खेळाच्या सरांना विचारलं, "दुसरी कुठल्या दाराने सुटते?"

"मागच्या. पण साहेब, असं कुणालाही उभं राहू देत नाही तिथे. आईने कळवावं लागतं, अमुक माणूस येणार म्हणून. नियम आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तोही माझाच आहे."

घरी येऊन त्याने हातपाय धुतले, दिवा लावायच्या आधीच खुर्चीत बसला. बाहेर अजून उजेड होता. समोरच्या फळीवर बायकोचा मिक्सर होता, तिने शिवलेल्या अभ्र्यात, तीन वर्षं न बोललेला. उद्या कचेरीत जाऊन 'एकही मूल अनोळखी राहणार नाही' या पाचव्या उद्दिष्टापुढे या शाळेचा आकडा टाकायचा होता. त्या आकड्यात एक नातवाचा होता, आणि तो कुठला हे कुणाला सांगता येणार नव्हतं. आकड्यांचा त्याला नेहमी आवडत आलेला गुण हाच, आणि आज तो आवडत नव्हता. कपाटातून त्याने बायकोचा फोन काढला. दर रविवारी तो न चुकता चार्ज करून ठेवत असे. कशासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. लेकीचा नंबर त्यातच होता. तिथूनच लावला असता तर तिकडे 'आई' असं उमटलं असतं. लेकीचा जीव क्षणभर कुठे गेला असता, या विचाराने त्याने तो फोन मांडीवर ठेवला आणि नंबर पाहून पाहून आपल्या फोनवर एकेक आकडा दाबला. तिच्याकडे आपला नंबर असेल का? असेल तर कुठल्या नावाने? नसेल तर नुसताच आकडा उमटत असेल, आणि तेही रास्तच म्हणायचं.

बराच वेळ वाजलं. आता ठेवावा असं त्याला वाटलं, तेवढ्यात तिकडे उचललं, आणि कानात आधी आला तो मिक्सर. घरघर, घरघर, आणि त्या घरघरीच्या वर आवाज चढवून एक मूल तार स्वरात काहीतरी गात होतं. शब्द कळत नव्हते. मिक्सर मोठा झाला की ते मोठं होत होतं. पलंगाखालचं पोरगं आता मिक्सरशी शर्यत लावत होतं, आणि ही गोष्ट त्याला बायकोने सांगितलेली नव्हती, कुणीच सांगितलेली नव्हती, ती त्याने आपल्या कानाने ऐकली होती.

"हॅलो? कोण बोलतंय? थांबा हं, आवाज आहे इथे."

मिक्सर थांबला. मूल एका ओळीपुरतं एकटंच गात राहिलं आणि मग तेही थांबलं.

"हॅलो? कोण?"

"काही लागलं तर कळवा, म्हणाली होतीस," तो म्हणाला.

मग लांबून, बहुधा ओट्याच्या पलीकडून, त्या मुलाने विचारलं, "आई, कोण आहे गं?"

ती काय सांगते ते ऐकायला तो फोन कानाशी घट्ट धरून बसून राहिला.